पापणीभर उशीर

यवतमाळला, दत्त चौकाच्या मागच्या गल्लीत,
शाकीरभाईंनी काउंटर पुसला
आणि दोन मॉनिटर शेजारी-शेजारी मांडले.
डावा सत्तावीस इंची, अंगाने भरलेला,
रंगाला सच्चा, चालीला सुस्त.
उजवा चोवीस,
सेकंदाला एकशे पासष्ट वेळा ताजा होणारा.
"पण रंग थोडा फिका हाय ताई," शाकीरभाई म्हणाले,
"खोटं काऊन बोलू."

मी पर्समधून पेनड्राइव्ह काढला.
त्यात कालचं काम: कै. डोमाजी तुरणकर,
भावपूर्ण श्रद्धांजली, दहा बाय आठ,
खाली बावीस शोकाकुल,
प्रत्येकाचा गॉगल वेगळा.

डाव्या पडद्यावर डोमाजी उन्हात बसल्यासारखे,
टोपी पांढरी ती पांढरी, गंध पिवळं ते पिवळं.
उजव्यावर जरा आजारी दिसले.
"गेलेच आहेत ते," मी म्हणाले.
शाकीरभाई हसले नाहीत.

दारव्ह्याला बसस्टँडसमोर
चष्म्याच्या दुकानावर माझं दुकान आहे.
वाढदिवस, गृहप्रवेश, सरपंचांचे जाहीर आभार,
आणि आठवड्यात तीन-चार तरी श्रद्धांजल्या.
गेलेल्या माणसाचा एकटा फोटो कुणाकडेच नसतो.
लग्नाच्या घोळक्यातून कापून आणतात,
खांद्यावर दुसऱ्याच कुणाचा तरी हात उरलेला.
तो हात पुसत बसणं
हे माझं खरं काम.

दिवसा लोक मरतात, मी त्यांचे फ्लेक्स करते.
रात्री साडेदहानंतर मी मरते.
रोज. त्याच कोपऱ्यावर.
समोरचा दिसतो तेव्हा त्याची गोळी येऊन गेलेली असते,
माझा जुना पडदा पापणीभर उशिरा सांगतो.
हेडफोनमध्ये राळेगावचा पाटवडी ओरडतो,
"अबे गोळाभात, पुन्हा मेली काय तू!"

पाटवडीला मी कधी पाहिलेलं नाही.
खोकला ओळखते त्याचा,
त्याच्या अंगणातलं कुत्रं किती वाजता भुंकतं ते ओळखते.
दहा सेकंदांनी आम्ही दोघंही परत जिवंत.
फ्लेक्सवरच्यांना ही सोय नाही.

भावात फरक बाराशेचा.
इन्व्हर्टरवर मोठा अडीच तास, लहान चार.
आई फोनवर म्हणाली, "मोठाच घे बाई, तेवढ्याच पैशात."
तेवढ्याच नव्हते.

मागच्या महिन्यात एका नवरीची आई
फ्लेक्स गुंडाळून जिना चढून आली होती:
"माही पोरगी अशी जांभळी हाय काय वो?"
नव्हती. मी पाठवली तेव्हा गव्हाळ होती.
पण छपाई अमरावतीला,
आणि तिथलं मशीन आपल्या मनचा रंग छापतं.

हे आठवलं, आणि मी डाव्यावरून नजर काढली.
म्हणजे लगेच नाही काढली.
डोमाजींच्या टोपीची कड पुन्हा एकदा पाहिली,
शिवण दिसत होती. शिवण!

हळद मला पाठ आहे: पिवळा शंभर, मॅजेंटा वीस.
डोळे मिटून भरते.
डोळे मिटून कोपऱ्यावरचा माणूस दिसत नाही.

"छोटावाला बांधा," मी म्हणाले.

एसटीत खोकं मांडीवर.
"टीव्ही हाय काय?" कंडक्टरने विचारलं.
"हाव," म्हटलं.
त्याने सामानाचं तिकीट फाडलं नाही.

रात्री आधी डोमाजी उघडले.
फिकेच.
पिवळा पाचने वाढवला, मग तीनने कमी केला,
उद्या अमरावती काय ते ठरवील.

मग पावणेअकरा. तोच कोपरा.
भिंतीच्या कडेला अर्धा खांदा,
आणि तो मला आधी दिसला.

हेडफोनमध्ये कुत्रं भुंकून थांबलं.
"गोळाभात?" पाटवडी हळूच म्हणाला.
"हायेस काय बे?"

"हाय ना," मी म्हणाले.